विश्लेषण : पन्नास वर्षे जुन्या स्टिरिओ रिसीव्हरला लाखोंचा भाव कसा आला?

वजन ३५ किलो. समोर चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी, बाजूंना लाकूड, आणि बटणे इतकी की पहिल्यांदा पाहणाऱ्याला विमानाचे कॉकपिट आठवावे. पायोनियर कंपनीचा 'एसएक्स-१९८०' हा स्टिरिओ रिसीव्हर १९७८ मध्ये बाजारात आला (मॉडेलच्या क्रमांकाचा सालाशी संबंध नाही) आणि अमेरिकेत त्याची छापील किंमत होती सुमारे १,३०० डॉलर. पुढे सीडी आली, होम थिएटर आले आणि या जातीचे रिसीव्हर तळघरांत, गॅरेजांत गेले. नव्वदच्या दशकात अमेरिकेतील गॅरेज सेलमध्ये त्या काळचे साधे रिसीव्हर दहा-वीस डॉलरला मिळत. कधी कधी 'उचलून न्या' अशी चिठ्ठी लावून ते रस्त्याकडेलाही ठेवलेले असत.

आज नीट दुरुस्त केलेल्या एसएक्स-१९८० साठी पाच हजार डॉलर, म्हणजे चार लाख रुपयांहून अधिक रक्कम मोजणारे ग्राहक आहेत. मरांट्झचा '२२७०' हा त्याहून बराच लहान रिसीव्हर. तोही सर्व्हिस करून ठेवलेला असेल तर हजार ते दोन हजार डॉलरच्या टप्प्यात जातो. ज्यात ब्लूटूथ नाही, रिमोट नाही, एचडीएमआय नाही, अशा यंत्रांना एवढी मागणी का आहे?

रिसीव्हर म्हणजे नेमके काय?

आता रिसीव्हर म्हटले की डिश टीव्हीचा डबा आठवतो. स्टिरिओच्या भाषेत मात्र रिसीव्हर म्हणजे तीन यंत्रे एकाच पेटीत. रेडिओ पकडणारा ट्यूनर, आवाजाचे स्रोत निवडणारा आणि बास-ट्रेबल सांभाळणारा प्री-ॲम्प्लिफायर, आणि स्पीकरला ताकद पुरवणारा पॉवर ॲम्प्लिफायर. ही तीन यंत्रे वेगवेगळी घेणे महाग पडे. एका पेटीत आल्याने मध्यमवर्गीय अमेरिकी घराला परवडू लागली. दोन स्पीकर आणि एक टर्नटेबल जोडले की काम झाले.

टर्नटेबलचा मुद्दा आजच्या भावाशी थेट जोडलेला आहे. तबकडीवर फिरणाऱ्या सुईतून येणारा विद्युत संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय तबकडी कोरताना बास मुद्दाम कमी आणि ट्रेबल वाढवलेला असतो. हे उलटे करून संकेत वाढवणारे स्वतंत्र सर्किट लागते, त्याला फोनो स्टेज म्हणतात. सीडीच्या काळात अनेक कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी ते काढून टाकले. सत्तरच्या दशकातील जवळपास प्रत्येक रिसीव्हरमध्ये ते असतेच.

१९७४ च्या एका नियमाने काय बदलले?

नव्वदच्या दशकातील भारतीय वाचकांना म्युझिक सिस्टीमच्या खोक्यावरचा '२००० वॉट पीएमपीओ' हा आकडा आठवत असेल. भिंतीतल्या साध्या प्लगवर चालणारी ती प्लास्टिकची पेटी प्रत्यक्षात वीस-तीस वॉटही धड देत नसे. अमेरिकेत हाच खेळ साठच्या दशकात रंगला होता. कोणी क्षणिक ताकद छापे, कोणी दोन्ही चॅनेलची बेरीज, तर कोणी आवाज फाटेपर्यंत ताणून मोजलेला आकडा.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर नियम आणला. नोव्हेंबर १९७४ पासून जाहिरातीत वॉटचा आकडा द्यायचा तर तो सलग ताकदीचा, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून मोजलेला असावा, आणि तो कोणत्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यात, किती विकृतीसह मिळतो हेही सोबत सांगावे, अशी सक्ती झाली.

त्यातली खरी मेख वेगळ्याच कलमात होती. मोजणीआधी ॲम्प्लिफायर जाहीर ताकदीच्या एक-तृतीयांशावर तासभर चालवून तापवायचा. ऐकायला ही सवलत वाटते, प्रत्यक्षात शिक्षा होती. त्या काळच्या क्लास-एबी ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टर सर्वाधिक तापतात ते पूर्ण ताकदीवर नव्हे, तर साधारण एक-तृतीयांश ते चाळीस टक्के ताकदीच्या आसपास. म्हणजे परीक्षा बरोबर सर्वात उष्ण जागी. तिच्यात टिकायचे तर मोठे हीटसिंक, जाड तांब्याचा ट्रान्सफॉर्मर आणि भरभक्कम कपॅसिटर याला पर्याय नव्हता. पायोनियरच्या 'एसएक्स-१२५०' मध्ये प्रत्येकी २२,००० मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर आहेत. घरगुती स्टिरिओपेक्षा छोट्या वेल्डिंग मशीनला शोभेल असे हे सामान आहे.

ग्राहकाची फसवणूक थांबवण्यासाठी केलेल्या नियमाने अनवधानाने पन्नास वर्षे टिकणारी यंत्रे घडवली, असे म्हणायला हरकत नाही. पुढे २००० मध्ये तापवण्याची अट एक-अष्टमांश ताकदीपर्यंत सैल करण्यात आली. होम थिएटरच्या काळात मोजणीच्या पळवाटा पुन्हा वाढल्या, तेव्हा २०२४ मध्ये कमिशनला हा नियम परत कडक करावा लागला.

मग वॉटची शर्यत कुठवर गेली?

आकडा खरा छापायचा म्हटल्यावर खरा आकडा मोठा करण्याची चढाओढ लागली. मरांट्झच्या मॉडेल क्रमांकातच ताकद दडलेली असे. २२३० म्हणजे प्रत्येक चॅनेलला ३० वॉट, २२७० म्हणजे ७०, २३२५ म्हणजे १२५. पायोनियरने १९७४ मध्ये १०० वॉटचा एसएक्स-१०१० आणला, १९७६ मध्ये १६० वॉटचा एसएक्स-१२५०. मरांट्झने २५० वॉटचा २५०० काढला. पायोनियरने २७० वॉटच्या एसएक्स-१९८० ने उत्तर दिले. मरांट्झचा २६०० तीनशेवर गेला, सान्सुईचा जी-३३००० तिथेच पोहोचला आणि टेक्निक्सचा एसए-१००० त्याही पुढे, ३३० वॉटवर. जेमतेम चार वर्षांतला हा प्रवास आहे.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे गणित मांडले तर ही शर्यत काहीशी हास्यास्पद होती. ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. १६० वॉटवरून २७० वर उडी मारून पायोनियरने कमावले सव्वादोन डेसिबल, जे अनेकांना समजणारही नाहीत. दिवाणखान्यात नेहमीच्या आवाजात गाणे ऐकताना बहुतेक स्पीकर सरासरी एक-दोन वॉटवरच चालतात. पण दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन पेट्यांत मोठा आकडा कोणाचा, हे ग्राहक पाहत होता. आजच्या मोबाइल कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखीच ही गोष्ट.

जपानी कंपन्यांना हे परवडले कसे?

मरांट्झ मुळात अमेरिकी. सॉल मरांट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५३ मध्ये कंपनी स्थापन केली. 'मॉडेल १०बी' या ट्यूनरवर कंपनीने इतका पैसा ओतला की १९६४ मध्ये ती सुपरस्कोप या कंपनीला विकावी लागली. त्या ट्यूनरमध्ये रेडिओचा संकेत दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोपचा पडदा होता. पुढे तोच पडदा २५०० आणि २६०० या मॉडेलच्या तोंडावर दिमाखात दिसला. सुपरस्कोपने उत्पादन हळूहळू जपानला हलवले.

बाकी मंडळी जपानचीच. सान्सुई १९४७ मध्ये टोकियोत सुरू झाली ती ट्रान्सफॉर्मर बनवण्यासाठी. सान्सुईचा शब्दशः अर्थ डोंगर आणि पाणी. भारतात मात्र हे नाव अनेकांना व्हिडीओकॉनच्या टीव्हीवरून माहीत आहे. केनवूडची मूळ कंपनी ट्रायो. यामाहा पियानो बनवता बनवता इकडे आली.

या सर्वांच्या पाठीशी होता येन. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा दर बांधलेला होता, त्यामुळे जपानी माल अमेरिकेत स्वस्त पडे. दुसरे कारण व्हिएतनाम युद्ध. आशियात तैनात अमेरिकी सैनिकांना लष्करी कँटीनमधून जपानी स्टिरिओ करमुक्त आणि सवलतीत मिळत. घरी परतणाऱ्या सैनिकासोबत पायोनियर, सान्सुई, आकाई ही नावे अमेरिकेच्या गावागावांत पोहोचली. कोणत्याही जाहिरातीने झाले नसते एवढे काम या सैनिकांच्या सामानाने केले. आजही अमेरिकेत एखाद्या आजोबांच्या मृत्यूनंतर घर आवरताना निघणारा रिसीव्हर अनेकदा याच वाटेने आलेला असतो.

ही यंत्रे बंद का पडली?

येन १९७३ पासून मोकळा झाला आणि १९७८ च्या अखेरीस डॉलरला २०० येनच्याही खाली आला. तेवढीच पेटी अमेरिकेत विकून मिळणारे येन जवळपास निम्मे झाले. पाठोपाठ १९७९ चे तेलसंकट. तांबे, ॲल्युमिनियम, जहाजभाडे, सगळेच महागले. कंपन्यांनी ॲल्युमिनियमच्या जागी प्लास्टिक आणले, लाकडाच्या जागी लाकडासारखा दिसणारा कागद, सुट्या ट्रान्झिस्टरच्या जागी आयसी. १९८२ मध्ये सीडी आली. चंदेरी पट्ट्या काळ्या झाल्या आणि गोल बटणांच्या जागी रबरी कळा आल्या.

त्या कंपन्यांचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. पायोनियरने आपला घरगुती ऑडिओ व्यवसाय २०१५ मध्ये ऑन्क्योकडे सोपवला; ऑन्क्योची ती कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. सान्सुई २०१४ मध्ये बुडाली. मरांट्झ अनेक हातांतून फिरत २०२५ मध्ये सॅमसंगच्या मालकीच्या हर्मनकडे आली.

भाव आताच का चढले?

पहिले आणि सर्वात ठोस कारण तबकडीचे पुनरागमन. अमेरिकेत २०२२ मध्ये ४.१ कोटी विनाइल तबकड्या विकल्या गेल्या, तर सीडी ३.३ कोटी. नगांच्या हिशेबात तबकडीने सीडीला मागे टाकण्याची १९८७ नंतरची ती पहिलीच वेळ. टर्नटेबल घेणाऱ्याला फोनो स्टेज लागते, आणि ती जुन्या रिसीव्हरमध्ये आयतीच मिळते. करोनाच्या टाळेबंदीत घरी बसलेल्या ग्राहकांनी या मागणीत आणखी भर घातली.

दुसरे कारण पुरवठ्याचे. नवा एसएक्स-१९८० बनणार नाही. नव्वद-दोन हजारच्या दशकांत किती पेट्या भंगारात वितळल्या याची गणती नाही, आणि आतले तांबे भंगारवाल्याला चांगलेच आवडत असणार. उरलेल्यांपैकी काही दरवर्षी जळतात किंवा सुट्या भागांसाठी मोडल्या जातात. मोडण्याचाही धंदा आहे. मरांट्झची लाकडी पेटी 'डब्ल्यूसी-२२' ही त्या काळी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागे. आज ती नुसती रिकामी पेटीही स्वतंत्रपणे विकली जाते. एखादे मूळ बटण, काचेची डायल, मागचे नाव कोरलेले पितळी अक्षर, सगळ्याला गिऱ्हाईक आहे.

तिसरे कारण मोजता येत नाही, पण दिसते. मरांट्झचा दिवा लावला की डायल निळी उजळते. ट्यूनिंगच्या चाकाला आत जड फ्लायव्हील जोडलेले असते, त्यामुळे बोटाने एक झटका दिला की काटा बँडभर अलगद घरंगळत जातो. बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांनी रिलेचा 'टक्' आवाज येतो आणि मगच स्पीकर जोडले जातात. काचेच्या सपाट पडद्यावर बोट सरकवत वाढलेल्या पिढीला याचे अप्रूप वाटले नाही तरच नवल. हे सगळे फोटोतही छान दिसते, त्याचाही भावाला हातभार लागलाच आहे.

कंपन्यांनीही वारे ओळखले. जेबीएलने लाकडी बाजूंचा एसए७५०, एनएडीने जुन्या वळणाचा सी ३०५०, यामाहाने काटे असलेल्या मीटरचा आर-एन२०००ए बाजारात आणला. आत स्ट्रीमिंग, बाहेर सत्तरचे दशक. नव्या यंत्राच्या या किमती पाहिल्यावर जुने मूळ यंत्र ग्राहकाला फारसे महाग वाटेनासे होते.

खरेच भाव वाढले आहेत का?

इथे एक हिशेब करून पाहायला हवा. १९७८ चे १,३०० डॉलर अमेरिकी महागाईच्या दराने आजचे सहा हजार डॉलरच्या वर भरतात. म्हणजे पाच हजारांना गेलेला एसएक्स-१९८० अजूनही आपल्या मूळ किमतीच्या खालीच आहे. २२७० ची मूळ किंमत साडेपाचशे डॉलरच्या आसपास होती. आजच्या पैशात ती चार हजारांपर्यंत जाते. भाव 'वाढले' हे खरे, पण ते वाढले तळातून. नव्वदच्या दशकात दहा-वीस डॉलरला घेतलेल्याची चांदी झाली. आज पाच हजारांना घेणाऱ्याचे तसेच होईल असे समजण्याला या हिशेबात काहीच आधार नाही.

ऑनलाइन दिसणाऱ्या किमतींबद्दलही सावध राहावे लागते. जाहिरातीत मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत मोठी तफावत असते. ईबेवर केवळ विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारी चाळणी आहे. ती लावल्याशिवाय काढलेला 'बाजारभाव' फक्त विक्रेत्याची इच्छा सांगतो. आणि झळकतात ती मोठी मॉडेल. त्याच काळातले १५-२० वॉटचे छोटे रिसीव्हर आजही तुलनेने बरेच स्वस्त मिळतात. साध्या खोलीत गाणी ऐकायला ते पुरून उरतात, पण त्यांच्या बातम्या होत नाहीत.

आवाज तरी चांगला असतो का?

चाहत्यांचा ठाम दावा असतो की जुन्या रिसीव्हरचा आवाज 'उबदार' असतो. मोजमापात मात्र ही चांगली, स्वच्छ, कमी विकृतीची ट्रान्झिस्टर यंत्रे आहेत. एसएक्स-१९८० ची जाहीर विकृती ०.०३ टक्के होती. तेवढी स्वच्छता आज तळहातावर मावणारा क्लास-डी ॲम्प्लिफायरही देऊ शकतो. 'उबदार' वाटण्याचे एक कारण बास वाढवणारे लाउडनेसचे बटण दाबलेले असणे हे असू शकते. दुसरे म्हणजे सुकत आलेले कपॅसिटर, ज्यांनी वरच्या सुरांची धार घालवलेली असते. चांगला तंत्रज्ञ ते बदलतो आणि मग मालकाला वाटते, आवाज 'बदलला'.

एका बाबतीत मात्र जुन्यांची बाजू भक्कम आहे. झाकणाचे स्क्रू काढले की आत मोठे बोर्ड, सुटे ट्रान्झिस्टर, हाताने बदलता येतील असे भाग आणि कंपनीनेच छापलेले सर्व्हिस मॅन्युअल. आजच्या रिसीव्हरमधला मुख्य बोर्ड गेला आणि कंपनीने तो बनवणे थांबवले असेल, तर पेटी कचऱ्यात जाते.

घेतल्यानंतरचा खर्च किती?

खरेदीची किंमत हा पहिला हप्ता. पन्नास वर्षांत इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात ते, आतून सुकतात. व्हॉल्यूमचे पॉट आणि स्विच गंजून खरखरतात. हे बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने सुटते. रिलेचे संपर्क काळे पडून एक स्पीकर मधूनच गप्प होतो. डायलचे बारीक बल्ब जातात, मरांट्झमध्ये दिव्यासमोरचा पातळ कागद करपून पिवळा पडतो. पायोनियर आणि इतर काहींमध्ये वापरलेला '२एसए७२६' हा ट्रान्झिस्टर वय झाल्यावर चरचर करू लागतो, हे आता सर्वच तंत्रज्ञांना पाठ झाले आहे. काही जपानी यंत्रांत मोठे भाग बोर्डला चिकटवण्यासाठी वापरलेला गोंद कालांतराने तपकिरी होऊन शेजारच्या भागांचे पाय खातो.

मोठ्या रिसीव्हरमध्ये असे शेकड्याने भाग असतात. सगळे काढून, नवे लावून, बायस आणि डीसी ऑफसेट जुळवून द्यायला कित्येक दिवस जातात आणि अमेरिकेत त्याचे शेकडो, मोठ्या यंत्राला हजारभर डॉलर होतात. त्यामुळे 'पूर्ण रिकॅप केलेला' हा शब्द जाहिरातीत भाव वाढवतो, आणि म्हणूनच त्याचा सर्वाधिक गैरवापरही होतो. आतले फोटो, बदललेल्या भागांची यादी आणि तंत्रज्ञाचे बिल मागितल्यावर विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर त्या शब्दाला काही किंमत उरत नाही.

नकली भाग ही दुसरी डोकेदुखी. पायोनियरच्या एसएक्स-७८० मध्ये सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी सान्योचे 'एसटीके-००५०' हे पॉवर मॉड्यूल आहेत. एसटीके हे नाव भारतीय मेकॅनिकलाही चांगलेच परिचित. ते मॉड्यूल आता बनत नाहीत. बाजारात त्या नावाने मिळणारे पुष्कळसे तुकडे बनावट असतात आणि पहिल्याच मोठ्या आवाजाला उडतात, जाताना कधी स्पीकरही घेऊन जातात. एकाच किमतीत दोन मॉडेल समोर असतील तर सुट्या ट्रान्झिस्टरचे घ्यावे, असा सल्ला जाणकार देतात तो यामुळेच.

भारतात आणला तर?

अमेरिकी बाजाराचा रिसीव्हर १२० व्होल्टचा, जपानचा स्थानिक १०० व्होल्टचा. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. थेट प्लग लावला की नशीब चांगले असेल तर फ्यूज जातो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. युरोप-आखातासाठी किंवा लष्करी कँटीनसाठी बनलेल्या अनेक आवृत्त्यांना मागे व्होल्टेज निवडण्याची सोय होती. आपल्या दृष्टीने तेच नग मोलाचे. बाकीच्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो रिसीव्हरच्या मागे लिहिलेल्या वॉटपेक्षा बऱ्यापैकी वरचा हवा. बाजारात सहज मिळणारे स्टेप-डाउन ११० व्होल्ट देतात, म्हणजे जपानी १०० व्होल्टच्या यंत्राला तेही दहा टक्के जास्तच.

रेडिओचा घोळ आणखी वेगळा. जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि त्या काळी ९० वर संपे. आपली खासगी एफएम केंद्रे ९१ च्या पुढची. म्हणजे जपानहून आणलेल्या सुंदर ट्यूनरवर त्यातले एकही केंद्र लागणार नाही. अमेरिकी रिसीव्हरवर केंद्रे लागतात, पण तिथे प्रक्षेपणातला ट्रेबल उतरवण्याचे माप ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. त्यामुळे इथला एफएम त्यावर किंचित मंद, कांबळे पांघरल्यासारखा ऐकू येतो. चांगला मेकॅनिक दोन कपॅसिटर बदलून हे दुरुस्त करू शकतो.

कागदोपत्री अडचण याहून मोठी. परकीय व्यापार धोरणानुसार भांडवली वस्तू सोडून इतर जुन्या वस्तूंची आयात निर्बंधित गटात येते, तिला परवाना लागतो. त्यात ३५ किलोचे विमानभाडे. परदेशी संकेतस्थळावरची किंमत रुपयांत बदलून खूश होण्यात अर्थ नाही.

मुंबई-पुण्यात काय मिळते?

सत्तर-ऐंशीच्या दशकांत आयातबंदीमुळे हे रिसीव्हर भारतातल्या दुकानांत नव्हतेच. त्या जागी मुंबईचे कॉस्मिक, कोलकात्याचे सोनोडाइन अशा देशी कंपन्यांनी घरोघरी स्टिरिओ नेला. जपानी पेट्या आल्या त्या आखातात कामाला गेलेल्यांच्या आणि जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या सामानातून. कोकणातल्या कितीतरी घरांत टू-इन-वनच्या शेजारी अशी एखादी पेटी कापडाने झाकून ठेवलेली असे. त्यातल्या काही आता मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या दुकानांत किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात येऊन पोहोचतात. कॉस्मिकचे जुने ॲम्प्लिफायरही आता हौसेने शोधले जातात. इथल्या विक्रेत्याच्या मोबाइलवरही ईबे आहे, त्यामुळे घासाघीस तिथल्या आकड्यापासूनच सुरू होते.

लॅमिंग्टन रोड आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कंडेन्सर, रिले, कॉन्टॅक्ट क्लीनर आजही मिळते. अवघड झाले आहे ते ॲनालॉग सर्किट वाचून बायस जुळवणारा माणूस मिळणे. टेपरेकॉर्डरच्या काळात हे काम शिकलेले मेकॅनिक आता साठी-सत्तरीत आहेत. पुढच्या पिढीने मोबाइल दुरुस्तीचे टेबल मांडले, कारण पोट तिथे भरते. रिसीव्हरचे भाव चढल्यावर हा कसबी माणूस परत मागणीत आला आहे, पण त्याच्याकडे सहा-सहा महिन्यांची रांग आणि शिकायला कोणी नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी दिसते.

माळ्यावर अशी एखादी पेटी असेलच, तर ती उतरवून लगेच प्लगला लावू नये. आधी मागच्या पट्टीवरचे व्होल्टेज वाचावे. मग वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र मेकॅनिककडून सिरीज बल्ब लावून किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तशा डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवत सुरू करून घ्यावे. सिरीजमधला साठ-शंभर वॉटचा पिवळा बल्ब क्षणभर पेटून मंदावला, तर आत शॉर्ट नाही. तो लख्ख पेटूनच राहिला, तर पेटी बंद करून झाकण उघडायचे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.